सर्व्हरचा नेमका कुठला पार्ट गेलाय? कोल्हापुरातून नेहमी येणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतले कारखाने, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या पेढ्या, पतसंस्था, हॉस्पिटलं, साखर कारखान्यांचे वजनकाटे, सगळीकडून येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर्व्हर बसलाय." त्यानंतर जे विचारलं जातं ते इथं एकत्र केलंय. यातलं बरंचसं तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बघणारा माणूस स्वतः करू शकतो. कुठं हात लावू नये तेही जागोजागी सांगितलंय.

केशरी दिवा लागलाय, पण काम सगळं सुरू आहे. सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबलं तर चालेल?

पार्ट बदलायला थांबलात तर एक वेळ चालेल, बघायला थांबू नका. सर्व्हरमधले महत्त्वाचे भाग जोडीनं असतात. एक गेला की दुसरा मुकाट्यानं भार उचलतो, त्यामुळं काउंटरवर कुणाला पत्ताही लागत नाही. पण त्या क्षणापासून तुमच्याकडं राखीव काही उरलेलं नसतं. आजच्या आज एवढं करा: कालचा बॅकअप खरंच झालाय का ते त्यातली एखादी फाइल उघडून बघा, लॉग (सर्व्हर स्वतः ठेवतो ती बिघाडांची नोंद) उतरवून घ्या आणि पार्टची ऑर्डर टाका.

दिवा घालवायला म्हणून सर्व्हर रीस्टार्ट मात्र करू नका. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी डिस्क एकदा थांबून गार झाली की पुन्हा फिरेलच असं नसतं. एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरी घालवायचा याहून सोपा मार्ग नाही.

निळा दिवा लुकलुकत असेल तर काळजी नको. रॅकमध्ये नेमकं मशीन ओळखता यावं म्हणून कुणीतरी ते बटण दाबलेलं असतं.

झाकण न उघडता कुठला पार्ट गेलाय ते कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, आणि आधी तेच करायचं असतं. सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सर्व्हर बंद असला तरी वायर प्लगमध्ये असेल तोवर तो जागा असतो. त्याचं नेटवर्क पोर्ट वेगळं असतं, आणि आपल्याकडं दहातल्या आठ ठिकाणी त्या पोर्टला केबलच लावलेली नसते. ती लावा. सुरुवातीचा पासवर्ड बहुधा सर्व्हरच्या पुढच्या बाजूला ओढून बाहेर काढायच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. आत गेल्यावर तो बदलून टाका.

तिथल्या इव्हेंट लॉगमध्ये जागेच्या नावासकट लिहिलेलं असतं: अमुक स्लॉटमधली रॅम, तिसऱ्या नंबरची डिस्क, दुसरा पॉवर सप्लाय. लॉग पुसण्याआधी फाइल काढून ठेवा. वॉरंटीत कंपनीचा माणूस पहिल्यांदा तीच मागतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काही नंबर पाठ असलेले बरे. डिस्कच्या नावाखाली ७ आला की खराब ब्लॉक. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. 'WHEA-Logger' नावाखाली १९ म्हणजे हार्डवेअरची चूक झाली पण सुधारली, १८ म्हणजे सुधारता आली नाही. कर्नल-पॉवरचा ४१ दिसला की लगेच पॉवर सप्लाय बदलायला निघणारे पुष्कळ आहेत. मशीन नीट बंद न होता बंद पडलं एवढंच तो सांगतो. कारण लाइट जाणं, गरम होणं, रॅम, काहीही असू शकतं.

लॉगमध्ये 'करेक्टेबल मेमरी एरर' येतंय. रॅम बदलायची का?

सर्व्हरची रॅम ईसीसी असते. एक बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते. दोन चुकले तर चूक ओळखते पण सुधारू शकत नाही, आणि मग मशीन थांबतं. महिन्यातून एखादी सुधारलेली चूक आली तर नोंद करा आणि लक्ष ठेवा. एकाच स्लॉटमधून रोज येऊ लागली, किंवा लॉगमध्ये मर्यादा ओलांडल्याची सूचना आली, तर बदलायची तयारी करा.

पण बदलायच्या आधी एक चाचणी घ्या. ती फुकट आहे आणि तिच्यामुळं नको त्या पार्टचे पैसे वाचतात. सर्व्हर बंद करून दोन्ही पॉवर वायरी काढा. तक्रार असलेली रॅम आणि तशीच दुसरी चांगली रॅम यांच्या जागा आपापसात बदला. कुठली कुठून कुठं गेली ते कागदावर लिहून ठेवा. आता चूक नव्या जागी दिसू लागली तर रॅम खराब. चूक जुन्याच स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. चूक गायबच झाली तर संपर्क सैल होता. हे आपल्याकडच्या दमट हवेत आणि धुळीत बऱ्यापैकी होतं.

नवी रॅम घेताना फक्त 'डीडीआर४ १६ जीबी' एवढं सांगून भागत नाही. आरडीआयएमएम, एलआरडीआयएमएम आणि यूडीआयएमएम हे रॅमचे वेगळे प्रकार आहेत, ते एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या स्टिकवरचा पार्ट नंबर वाचून दाखवा. कुठल्या स्लॉटपासून भरायचं याचा नकाशा सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

डिस्क जाणार हे आधी कळतं का?

पुष्कळदा कळतं, नेहमी नाही. साटा डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) चार आकडे बघा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळं लटकलेले सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. हे शून्यावर असायला हवेत. ५ नंबर थोडा असून महिनोन्महिने तेवढाच असेल तर डिस्क चालू ठेवता येते. दर आठवड्याला वाढत असेल तर काढा. चौथा आकडा १९९. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा डिस्क बसते त्या मागच्या प्लेटचा असतो. अशा वेळी डिस्कवर डिस्क बदलत बसलं तरी तक्रार जात नाही.

रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून अनेक डिस्कचा केलेला संच. तो सांभाळणाऱ्या रेड कार्डाच्या मागं असलेल्या डिस्क विंडोजला थेट दिसत नाहीत. त्यांची माहिती कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बघावी लागते. तिथं 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' लिहून आलं तर डिस्क चालत असली तरी वॉरंटीत बदलून मागा. आणि एसएसडी कुरकुर न करता जाते. तिचा किती टक्के वापर झाला हा आकडा सहा महिन्यांनी तरी बघत जा.

रेडमधली एक डिस्क गेली. चालू सर्व्हरमध्ये बदलायची रीत काय?

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट, बॅकअप. रेड असताना बॅकअप कशाला, हा प्रश्न पतसंस्थांच्या मीटिंगमध्ये हमखास निघतो. रेड डिस्क गेल्यावर काम चालू ठेवतं. चुकून पुसलेली खाती किंवा व्हायरसनं कुलूप घातलेल्या फाइल परत आणत नाही.

दुसरी, योग्य डिस्क ओळखणं. नंबर ० पासून सुरू होतो की १ पासून, वरून खाली की डावीकडून उजवीकडं, हे मॉडेलप्रमाणं बदलतं. अंदाजानं ओढू नका. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवा आणि तोच लुकलुकतोय ना हे समोर उभं राहून बघा. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली असताना चुकून दुसरी, चांगली डिस्क ओढली तर सगळा संच जागेवर बंद पडतो.

तिसरी, काढताना खटका दाबून डिस्क इंचभर बाहेर ओढा आणि अर्धा मिनिट थांबा. आतली तबकडी फिरायची थांबू दे, मग पूर्ण काढा. नवी डिस्क ट्रेमध्ये कसून शेवटपर्यंत सरकवा. बहुतेक कार्डं आपोआप रीबिल्ड (उरलेल्या डिस्क वाचून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू करतात. जी करत नाहीत तिथं ती डिस्क हॉट स्पेअर, म्हणजे गेलेल्या डिस्कची जागा घेणारी राखीव डिस्क, म्हणून नेमावी लागते. आधी दुसरीकडं वापरलेली डिस्क घातलीत तर कार्ड 'फॉरिन कॉन्फिगरेशन' म्हणतं. अशा वेळी फक्त त्या नव्या डिस्कवरची जुनी माहिती पुसायची. इंपोर्ट दाबायचं नाही आणि अख्ख्या संचाला इनिशियलाइझ तर अजिबात नाही.

मग वाट बघा. ४ टीबीची डिस्क मोकळ्या सर्व्हरवरही ७-८ तास घेते, काम चालू असताना त्याहून बरंच जास्त. या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि त्या गेलेल्या डिस्कच्याच वयाच्या, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या असतात. साध्या डिस्कची कंपनीनं दिलेली हमीच साधारण १२.५ टीबी वाचल्यावर एखादी चूक होऊ शकते अशी असते. मोठ्या डिस्कवर रेड ५ करू नका असं आम्ही सांगतो ते याच कारणानं. चार डिस्क असतील तर रेड ६ (दोन डिस्क गेलेल्या सोसतो) किंवा रेड १० (डिस्कच्या जोड्या करतो) करा. जागा कमी मिळते म्हणून मालक नाराज होतात, होऊ देत. रीबिल्डच्या रात्री ॲन्टिव्हायरसचं स्कॅन आणि मोठे रिपोर्ट बंद ठेवा.

रेड ५ मधल्या दोन डिस्क गेल्या. आता?

थांबा. सर्व्हर बंद करा आणि काहीही दाबू नका. दोन्ही एकाच मिनिटाला गेलेल्या क्वचितच असतात. एक आधीच, कदाचित महिन्यापूर्वी गेलेली असते आणि दिव्याकडं कुणी बघितलेलं नसतं. तिच्यावरचा डेटा महिन्यापूर्वीचा आहे. तिला जबरदस्तीनं ऑनलाइन घेतलं की जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळतो आणि जे वाचलं असतं तेही जातं. प्रत्येक डिस्कवर स्लॉटचा नंबर मार्करनं लिहा, मग बॅकअपवरून उभं करा. बॅकअप नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडं सगळ्याच्या सगळ्या डिस्क न्या, फक्त गेलेल्या दोन नव्हे.

नवी डिस्क कुठली घ्यायची?

एसएएस आणि साटा या डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती. एसएएसच्या जागी एसएएस, साटाच्या जागी साटा, क्षमता तेवढीच किंवा जास्त, सेक्टरचा प्रकार तोच. डेस्कटॉपची स्वस्त डिस्क घालू नका. खराब सेक्टर वाचायच्या नादात ती इतका वेळ गप्प बसते की रेड कार्ड तिला मेली समजून बाहेर काढतं.

सर्व्हर एकदम मंद झालाय. लॉगमध्ये डिस्क, रॅम सगळं ठीक आहे. मग?

तीनेक वर्षं जुना सर्व्हर असेल तर रेड कार्डाची बॅटरी बघा. कार्डावर थोडी कॅश मेमरी असते. लिहायचा डेटा आधी तिथं घेऊन "झालं" असं कळवायचं आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचं, अशी तिची पद्धत. लाइट गेली तर तो डेटा बॅटरी सांभाळते. बॅटरी दमली की कार्ड शहाणपणानं ही सोय बंद करतं आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहायला लागतं. बिघाड असा काही नसतो, पण पिग्मी एजंटांचं कलेक्शन अपलोड व्हायला पाच मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो आणि सगळे नेटवर्कवाल्याला शिव्या घालतात. बॅटरी बदलली, ती चार्ज झाली की वेग परत येतो. कुणी 'राइट-बॅक (म्हणजे हीच कॅशची सोय) जबरदस्तीनं चालू करू' म्हणालं तर नको म्हणा. नव्या बऱ्याच कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो, तो जास्त टिकतो.

मंदपणाचं दुसरं कारण उष्णता. एसी बंद पडला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो.

पॉवर सप्लाय वरचेवर जातात. माल खराब येतोय का?

एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा गेला तर सर्व्हरपेक्षा भिंतीतल्या प्लगवर संशय घ्या. आपल्याकडच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस आहेत. त्या सुरू असताना लाइनमध्ये हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) शिरतात. सर्व्हरचं फीडर फर्नेसच्या पॅनेलवरून घेतलेलं असेल तर ते वेगळं करून घ्या, आणि यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच लावा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. साधारण २-३ व्होल्टच्या आत असावं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते वाढतं. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात पाणी घालणं हे सर्व्हरच्या देखभालीतच धरा.

दोन सप्लाय असतील तर दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसू नका. दोन वेगळ्या यूपीएसवर, निदान एक यूपीएसवर आणि एक वेगळ्या लाइनवर. बदलताना वॅट आणि मॉडेल दोन्ही जुळलं पाहिजे. चालू सर्व्हरमध्ये आधी खराब सप्लायची वायर काढायची, मग सप्लाय.

फाउंड्रीतल्या धुळीनं खरंच काही होतं?

होतं. घरातली धूळ फक्त हवा अडवते. फाउंड्रीच्या धुळीत लोखंडाचे आणि ग्राफाइटचे कण असतात आणि ते वीज वाहून नेतात. पावसाळ्यातली ओल त्यात मिसळली की रॅमच्या स्लॉटमध्ये आणि पॉवर सप्लायच्या आत शॉर्टचे प्रकार होतात, तेही कधी होतात कधी नाही अशा पद्धतीनं. त्यांचा माग काढणं सगळ्यात अवघड. सर्व्हर शॉप फ्लोअरवर, सुपरवायझरच्या केबिनमध्ये ठेवायचा मोह टाळा. ऑफिसच्या बाजूला बंद खोली, दाराला फट नको, एसी, आणि मशीनच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांच्या दरम्यान तापमान.

साफ करताना कारखान्यातली कॉम्प्रेसरची नळी आत मारू नका. त्या हवेत तेल आणि पाणी असतं. हातब्लोअर वापरा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, सर्व्हर खोलीबाहेर नेऊन झाडा.

पंखे विमानासारखे ओरडतायत.

एक पंखा गेला की उरलेले जोर लावतात. लॉगमध्ये नंबर असतो, तेवढा एक बदला. झाकण उघडं ठेवून सर्व्हर गार राहतो ही समजूत चुकीची आहे. झाकण असल्याशिवाय हवा प्रोसेसरवरून जातच नाही.

लाइट गेली की सर्व्हरची तारीख मागं जाते.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला. घड्याळाच्या दुकानात मिळतो तोच, ३ व्होल्टचा. बदलायच्या आधी बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुर्लक्ष करू नका: डोमेनवर (सगळ्या मशीनचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालतं तिथं) वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं, आणि ई-इन्व्हॉइस भलत्याच तारखेची होते.

मशीन चालूच होत नाही, स्क्रीनवर काही येत नाही. सुरुवात कुठून?

आधी दोन्ही वायरी काढून मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. अडकलेला कंट्रोलर कधी कधी एवढ्यानं सुटतो. नाही सुटला तर किमान सामानावर या: एक प्रोसेसर, त्याच्या पहिल्या स्लॉटमध्ये एक रॅम, एक पॉवर सप्लाय. कार्डं, डिस्क सगळं बाहेर. चालू झाला तर एकेक भाग परत घालत जा, प्रत्येक वेळी चालू करून बघत. कंटाळवाणं आहे, तासभर जातो. घाईत तीन भाग एकदम बदलले की सर्व्हर चालू होतो, पण कुठला भाग खराब होता ते कळत नाही, आणि तो खराब भाग 'चांगला' म्हणून कपाटात परत जातो.

आत हात घालताना मनगटाला अर्थचा पट्टा बांधा. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तर नक्कीच.

प्रोसेसर किंवा मदरबोर्ड स्वतः बदलावा का?

प्रोसेसर क्वचित जातो. सॉकेटच्या पिना केसाएवढ्या बारीक असतात, एक वाकली की बोर्ड गेला. हे काम सवयीच्या हाताकडं द्या. मदरबोर्ड बदलताना आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला घातलेलं कुलूप) रिकव्हरी की हाताशी आहे का बघा, कारण त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप बोर्डाबरोबर जाते आणि की नसेल तर चांगल्या डिस्कवरचा डेटाही उघडत नाही. नव्या बोर्डवर सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर भरून घेतल्याशिवाय इंजिनिअरला सोडू नका, नाहीतर पुढच्या वेळी वॉरंटीच दिसत नाही.

स्पेअर कपाटात काय ठेवायचं?

वॉरंटीच्या कागदावर चार तास लिहिलेलं असलं तरी पार्ट बहुधा पुण्याहून येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता काही दिवस बंद राहिला. पार्ट पुण्यात तयार असून इथं पोचायला वाट नाही, अशी वेळ पुन्हा येऊ शकते. म्हणून जूनच्या आत कपाटात हवं: प्रत्येक प्रकारची एक डिस्क ट्रेसकट, एक पॉवर सप्लाय, एक रॅम, सेल, दोन-चार नेटवर्क केबल. मोठ्या ऑफिसांनी एक रेड कार्डही ठेवावं.

साखर कारखान्यांचं कॅलेंडर उलटं असतं. त्यांनी गळीत हंगामाआधी, सप्टेंबरात सगळं तपासून घ्यावं. हंगामात काट्याचा सर्व्हर थांबला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर रस्त्यावर येते आणि मग तुम्हाला कुणी लॉग वाचू देत नाही.

पुराचं पाणी सर्व्हरला लागलं तर?

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सखल भागातल्या ऑफिसांनी ३९ फुटांना सर्व्हर नीट बंद करून वरच्या मजल्यावर न्यावा. भिजलाच तर चालू करून बघू नका, उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका. साध्या हार्ड डिस्कला हवेचं बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं. डेटा हवा असेल तर डिस्क तशाच ओल्या, पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं द्या. बाकी मशीनचा विमा मागायचा असेल तर हलवण्याआधी फोटो काढा.

आमचा सर्व्हर म्हणजे साधा पीसीच आहे. हे सगळं लागू होतं का?

निम्मं. त्यात ईसीसी रॅम नाही, लॉग ठेवणारा कंट्रोलर नाही. रॅमची शंका आली तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा, डिस्कचे स्मार्ट आकडे दर महिन्याला बघा. दहा माणसं त्यावर टॅली चालवत असतील तर खरा सर्व्हर घ्या, एवढं आम्ही प्रत्येक वेळी सांगतो.

जुने, सेकंडहँड पार्ट घ्यावेत का?

मॉडेल बंद झालं असेल तर पंखे, रॅम, पॉवर सप्लाय, रेड कार्ड घ्यायला हरकत नाही. बिल आणि बदलून देण्याचा शब्द घ्या. डिस्क आणि बॅटरी कधीच घेऊ नका. डिस्क किती तास चालली हा आकडा मिटवता येतो.

काढलेल्या खराब डिस्कचं काय करायचं?

भंगारवाल्याला देऊ नका. कार्डाला मेलेली वाटणारी डिस्क दुसऱ्या मशीनवर पुष्कळदा वाचता येते, आणि तिच्यावर सभासदांचे आधार आणि खाते नंबर असतात. हार्ड डिस्क असेल तर तबकडीला आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या, उद्यमनगरात हे पाच मिनिटांचं काम आहे. एसएसडीत प्रत्येक चिप फुटली पाहिजे. लोहचुंबकाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडं द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वॉरंटीत बदललेली डिस्क कंपनी परत मागते. ती स्वतःकडं ठेवायची सोय थोडे पैसे भरून करारात घेता येते. पतसंस्था आणि हॉस्पिटलांनी सर्व्हर घेतानाच ती मागावी. फोडलेल्या प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, तारीख आणि समोर हजर असलेल्याची सही रजिस्टरमध्ये ठेवा, ऑडिटर विचारतो.